तलाक : शब्द, विधी आणि कायदा

'तलाक' हा अरबी शब्द मराठी वाचकास नवा नाही. मात्र तीन वेळा उच्चारताच विवाह संपविणारा शब्द, एवढाच त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. कुराणात सांगितलेला तलाक हा केवळ उच्चार नसून काही महिने चालणारा विधी आहे. उच्चार आणि विधी यांतील हा फरक भारतातील असंख्य स्त्रियांच्या चरितार्थाशी निगडित ठरला आहे.

शब्दार्थ

मराठीतील 'घटस्फोट' आणि 'काडीमोड' या दोन्ही शब्दांत काहीतरी फोडण्याची वा मोडण्याची कल्पना आहे. 'तलाक' या शब्दाच्या मुळाशी बंधन सोडण्याची, मोकळे करण्याची कल्पना आहे. दावे सोडून चरावयास मोकळ्या केलेल्या सांडणीसही अरबीत याच धातूपासून झालेले विशेषण लावतात. इस्लाममध्ये विवाह हा करार मानला जात असल्याने त्या करारातून मुक्त करणे, असा या संज्ञेचा धर्मशास्त्रीय अर्थ होतो.

कुराणातील विधी

कुराणाच्या ६५व्या अध्यायाचे नावच 'अत्‌-तलाक' असे आहे. या विषयाचे विवेचन दुसऱ्या अध्यायातही आढळते. तलाकचा उच्चार झाल्यानंतर 'इद्दत' हा प्रतीक्षाकाल सुरू होतो. तो सामान्यतः तीन मासिक पाळ्यांचा असतो; स्त्री गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत चालतो. या काळात पत्नीस घराबाहेर काढू नये, असा आदेश आहे. पतीला आपला निर्णय फिरवून संसार पुढे चालविता येतो. अशी संधी दोनदा मिळते. तिसऱ्या तलाकनंतर मिळत नाही. चौथ्या अध्यायात दाम्पत्यातील बेबनाव मिटविण्यासाठी दोन्ही घराण्यांतून एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे.

प्रकार

एकदाच उच्चार करून इद्दत पूर्ण होऊ देणे यास 'तलाक-ए-अहसन', तर तीन स्वतंत्र शुद्धिकाळांत एकेक उच्चार करणे यास 'तलाक-ए-हसन' म्हणतात. एकाच बैठकीत तीनदा उच्चार करून विवाह तत्क्षणी संपविणे हा 'तलाक-ए-बिद्दत' होय. 'बिद्दत' म्हणजे धर्मात मागाहून शिरलेला नवा प्रघात. पारंपरिक हनफी मतानुसार असा तलाक पापमय असला तरी लागू होतो. अहले हदीस पंथीय त्यास एकच तलाक मानतात, तर शिया पंथास तो मान्य नाही. इजिप्तने १९२९ साली कायदा करून असा तिहेरी उच्चार एकच तलाक गणला जाईल, असे ठरविले.

पत्नीच्या पुढाकाराने होणाऱ्या विभक्ततेस 'खुला', तर परस्परसंमतीने होणाऱ्या विभक्ततेस 'मुबारत' अशा संज्ञा आहेत. याशिवाय १९३९च्या कायद्याने मुस्लिम स्त्रीस ठरावीक कारणांसाठी न्यायालयातून विवाह रद्द करून घेण्याचा अधिकार दिला आहे.

महाराष्ट्रातील चळवळ

तोंडी तलाकच्या विरोधात महाराष्ट्रातून आवाज उठला तो कोकणातील मिरजोळी गावचे सुपुत्र, लेखक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत अवघ्या सात मुस्लिम स्त्रियांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. संख्या लहान असली तरी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे, ही मागणी त्यामुळे जाहीरपणे पुढे आली. २२ मार्च १९७० रोजी पुणे येथे मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. दलवाई यांचे १९७७ साली निधन झाले. मंडळाचे कार्य त्यानंतरही चालू राहिले.

न्यायालयांचे निर्णय

इंदूरच्या शहाबानो यांना त्यांच्या वकील पतीने सुमारे ४६ वर्षांच्या संसारानंतर १९७८ साली तलाक दिला. कनिष्ठ न्यायालयाने त्यांना दरमहा २५ रुपये पोटगी मंजूर केली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ एप्रिल १९८५ रोजी हा निर्णय उचलून धरला. यावरून उठलेल्या वादळानंतर १९८६ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला व पतीची जबाबदारी इद्दतपुरतीच उरली, असा समज झाला. तथापि पतीने पत्नीच्या भविष्याची वाजवी तरतूद इद्दतच्या काळातच केली पाहिजे, असा या कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लावला.

२००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाचा निर्णय या संदर्भात महत्त्वाचा आहे. 'तलाक दिला आहे', असे न्यायालयात केवळ सांगून भागणार नाही. त्यास सबळ कारण होते आणि मध्यस्थीचा प्रयत्न झाला होता, हे पतीने सिद्ध केले पाहिजे, असे पूर्णपीठाने स्पष्ट केले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही याच आशयाचा निर्णय दिला.

पुढे २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दतची प्रथा रद्द केली. २०१९च्या कायद्याने असा तलाक देणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला गुन्हा ठरला. अहसन व हसन हे प्रकार या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. पतीस तुरुंगात धाडल्यास पोटगी कोण देणार, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. दंडाचा धाक नसेल तर निकाल कागदावरच राहील, असे समर्थकांचे म्हणणे होते. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ अन्वयेही पोटगी मागता येते, असा निर्वाळा दिला.

कारण, मध्यस्थी आणि प्रतीक्षा हे तलाकच्या मूळ विधीचे घटक होत. ते वगळले की उरतो तो केवळ उच्चार. आणि अशा उच्चारास भारतीय कायद्याने आता मान्यता ठेवलेली नाही.