पेनहर्स्टची भुतं

परवा पोरांना घेऊन अल मदामला गेलो होतो. आपल्या शारजातलंच ते वाळूत बुडालेलं गाव. जिनांच्या गोष्टी ऐकून पोरं जाम खूश! मला मात्र अमेरिकेतलं पेनहर्स्ट आठवलं.

पेनसिल्व्हानियातली ही सरकारी संस्था १९०८ साली मतिमंद आणि फेफरं येणाऱ्यांसाठी उघडली. म्हणजे वेड्यांचं इस्पितळ नव्हेच. १९६८ मध्ये बिल बाल्डिनी या वार्ताहराने खाटांना बांधलेली माणसं टीव्हीवर दाखवली आणि लोक हादरले. १९७४ साली कोर्टात दावा गेला. न्यायमूर्ती ब्रॉडरिक यांनी माणसांना असं डांबणं घटनाबाह्य ठरवलं, तरी टाळं लागायला १९८७ उजाडलं.

आणि २०१० पासून? त्याच इमारतींत, हॅलोविनच्या सुमारास, तिकीट लावून भुताटकीचा खेळ. नाव 'पेनहर्स्ट असायलम'! अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांनी विरोध केला, पण खेळ उभा राहिलाच.

अमेरिकनांना नावं ठेवणार होतो, तेवढ्यात 'ह्याला ठाण्याला पाठवा' आठवलं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आजही चालू आहे, आत माणसं राहतात. आम्ही तर इंजिनिअरिंगला सबमिशनच्या दिवसांत रोज कोणा ना कोणाचं येरवड्याचं तिकीट फाडायचो.