स्लॅबला किती माल लागेल? ऑर्डर देण्याआधी घरीच करा हिशेब

स्लॅब भरताना दुपारीच सिमेंट संपले, की घरमालकाची पळापळ सुरू होते. माल येईपर्यंत भरलेले काँक्रीट घट्ट होते. त्याला लागून नवा माल टाकला की तिथे सांधा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपू शकते. बऱ्याचदा चूक एकच असते, स्लॅब मोजला जातो अन् बीम राहून जातात.

आधी स्लॅब मोजा
समजा घर २० बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. स्लॅबची जाडी ५ इंच. ५०० ला ५ ने गुणून १२ ने भागा. उत्तर आले २०८ घनफूट. जिन्याची किंवा डक्टची मोकळी जागा असेल तर ती वजा करा.

मग बीम
बीम ९ इंच रुंद, १५ इंच उंच धरू. वरचे ५ इंच स्लॅबमध्ये आलेच, उरले खालचे १० इंच. चारी बाजूंचे ९० फूट आणि मधला २० फूट, असे ११० फूट बीम. एका फुटाला ०.६२५ घनफूट, म्हणजे एकूण ६९ घनफूट. स्लॅब धरून झाले २७७.

माल किती?
१ : १.५ : ३ या प्रमाणाला (एम २०) १०० घनफूट तयार काँक्रीटसाठी साधारण २३ गोण्या सिमेंट, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी लागते. वरच्या घराला ६४ गोण्या, ११६ घनफूट वाळू आणि २३३ घनफूट खडी. सांडलवंड धरून दोन-तीन गोण्या जादा ठेवाव्यात. तयार काँक्रीटची गाडी मागवायची असेल तर घनफुटाला ३५.३ ने भागा, इथे ७.८५ घनमीटर.

हे विसरू नका
जाडी ५ ऐवजी ६ इंच झाली तर नुसत्या स्लॅबलाच साडेनऊ गोण्या जास्त लागतात. म्हणून माल टाकताना जाडी तपासत राहा. ट्रॉली आली की लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकाराला १०० ने भागा, तेवढे ब्रास. नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कॉलम आणि सळईचा हिशेब वेगळा. जाडी, बीमचे माप आणि प्रमाण मात्र इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये असेल तेच धरायचे.