मध आणि व्हीगन आहार

फुलांतील मकरंदावर लाळेतील विकरांची म्हणजे पाचक द्रव्यांची क्रिया घडवून आणि पंखांच्या वाऱ्याने त्यातील पाणी आटवून मधमाश्या जे अन्न स्वतःसाठी साठवतात ते मध होय. दुधासह सर्व प्राणिजन्य पदार्थ टाळणाऱ्या व्हीगन आहारात तो वर्ज्य आहे. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीची भूमिका हीच आहे. भारतात मात्र अन्न सुरक्षेच्या नियमांनी मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून दुधाबरोबर मध आणि मेणही वगळले असल्याने मधाच्या बाटलीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो, आणि २०२२ च्या व्हीगन अन्नविषयक नियमांप्रमाणे त्याच बाटलीवर व्हीगन बोधचिन्ह छापता येत नाही. पंचामृताच्या वाटीला ही व्हीगन कसोटी लावली, तर पाचांपैकी एकटी साखर शिल्लक राहते.

मधत्याग मात्र या भूमीला नवा नाही. नाशिकजवळचे म्हसरूळ येथील गजपंथ आणि बागलाणातील मांगीतुंगी ही ज्या दिगंबर जैन परंपरेची क्षेत्रे आहेत, तिच्यात श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, अष्टमूलगुणांमध्ये मद्य, मांस व मधु यांचा त्याग सांगितला आहे. श्वेतांबर परंपराही मधाला लोण्याबरोबर चार महाविगईंत, म्हणजे विशेष वर्ज्य विकारक पदार्थांत, गणते. अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात तर पोळ्यातून आपोआप गळलेला मध घेण्यातही, त्याच्या आश्रयाने राहणारे जीव मरत असल्याने, हिंसा मानली आहे. दोन्ही विचारांचा निष्कर्ष एक असला तरी कारण एक नाही, आणि हा फरक बहुधा नजरेआड होतो: जैन आक्षेप जीवहत्येवर आहे, तर व्हीगन आक्षेप प्राण्याला साधन म्हणून वापरण्यावर आहे, म्हणून पहिल्यात दूध परंपरेने चालते व दुसऱ्यात चालत नाही.

मध काढण्याच्या रीतींवरून हा भेद स्पष्ट होतो. कड्यावरचे किंवा उंच झाडावरचे आग्यामोहोळ झाडताना धुराने माश्या उठवून पोळे कापतात, आणि ते हाताने पिळले तर मधाबरोबर अंडी व अळ्याही चिरडल्या जातात. सातेरी किंवा मेलीफेरा माश्यांच्या पेटीत पिल्लांची कोठी खाली व मधाची वर असते. वरच्या कोठीतील चौकट उचलून, मेणाची टोपणे सुरीने खरवडून चौकट यंत्रात गरगर फिरवली, की मध बाहेर पडतो आणि पोळे शाबूत राहते. अशा मधात हिंसा पुष्कळ कमी होते, पण माश्यांचा साठा माणसाने घेतलेला असतोच, त्यामुळे व्हीगन आक्षेप तसाच उरतो.

नाशिक जिल्ह्यात माश्यांच्या वापराचा हा प्रश्न मधापाशी थांबत नाही. द्राक्षाला फळधारणेसाठी मधमाशीची फारशी गरज नसते. परंतु उळे, म्हणजे कांद्याचे बी, धरण्यासाठी लावलेल्या डोंगळ्यांत, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्यांत, प्रत्येक फुलाचे पराग त्याच फुलातील स्त्रीकेसर तयार होण्याआधी गळत असल्याने परागीभवन मुख्यतः माश्यांवर अवलंबून असते, आणि त्यासाठी शेतात पेट्या ठेवल्या जातात. व्हीगन सोसायटीची व्याख्या प्राण्यांचा वापर ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर’ टाळण्यास सांगते, म्हणून त्या उळ्यापासून पिकलेला कांदा व्हीगन ताटात चालतो. पेटी ठेवणाऱ्याला मात्र परागीभवनाचे भाडे आणि मध हे एकाच पेटीचे उत्पन्न असते.