चांदा ते शोधग्राम : वनप्रदेशातील मनाच्या अभ्यासाची संदर्भसाधने

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या संशोधन-अहवालात पूर्वसंशोधनाचा आढावा हे प्रकरण असते, आणि त्यात संबंधित विषयावर आधी कोणी, कोणाला, कोणत्या पद्धतीने प्रश्न विचारले व त्यातून काय हाती आले, याची नोंद घ्यायची असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांविषयी अशी नोंद करताना जी साधने हाती लागतात, ती दीडशेहून अधिक वर्षांत निरनिराळ्या हेतूंनी तयार झालेली असल्यामुळे, प्रत्येकामागचा हेतू ओळखल्याखेरीज त्यांचा उपयोग करता येत नाही.

सर्वांत जुना थर मिशनरी आणि महसुली लेखनाचा आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची मध्य प्रांतांतील आदिवासींविषयीची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादित केली. 1869 मध्ये मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. 1909 मध्ये जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, तर 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांचा जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आला. प्रशासकीय लेखनात एखाद्या जमातीचा स्वभाव दोन-चार विशेषणांत सांगून टाकण्याची रीत आढळते. असे विधान त्या जमातीच्या मनाविषयीचा पुरावा ठरत नाही. परंतु राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्यासाठी तेच प्राथमिक साधन, म्हणजे त्या काळातील व्यक्तीने स्वतः मागे ठेवलेला थेट पुरावा, ठरते.

दुसरा थर मानववंशशास्त्राचा असून, त्यातील महत्त्वाचे ग्रंथ गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरविषयी आहेत. ग्रिगसन यांचा माडिया गोंडांवरील ग्रंथ 1938 मध्ये, व्हेरिअर एल्विन यांचा माडियांमधील खून आणि आत्महत्या यांवरील ग्रंथ 1943 मध्ये आणि मुरिया जमातीच्या घोटुलावरील, म्हणजे अविवाहित तरुण-तरुणींच्या सामूहिक निवासगृहावरील, ग्रंथ 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. राग, संशय आणि लज्जा यांचा माग घेणारे 1943 चे पुस्तक मानसशास्त्राला विशेष जवळचे आहे. तथापि ते खटल्यांच्या कागदपत्रांवर बरेच विसंबून असल्याने, न्यायालयापुढे दिलेला जबाब आणि घरच्या अंगणातले बोलणे यांतील अंतर वाचकाने ध्यानात ठेवावे लागते.

विद्यापीठीय सोयी मात्र या प्रदेशापासून दीर्घकाळ दूर राहिल्या. नागपूर विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाले, चंद्रपूरपासून वेगळा गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये झाला आणि दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये अस्तित्वात आले. साधारण याच सुमारास इन्फ्लिबनेट या केंद्राने शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार, तसेच महाविद्यालयांना संशोधनपत्रिका पुरवणारी एन-लिस्ट ही योजना सुरू केली, आणि ज्या साधनांसाठी पूर्वी दूरचे ग्रंथालय गाठावे लागे, त्यांतील बरीचशी तालुक्याच्या गावातही वाचता येऊ लागली.

याआधीच या प्रदेशात ज्ञाननिर्मितीची दिशा पालटली होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने (तिचा परिसर आज शोधग्राम म्हणून ओळखला जातो) गडचिरोलीतील दोन गावांत केलेला स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. अशा पत्रिकेत लेख छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर तज्ज्ञ तो तपासतात, आणि याच तपासणीमुळे त्याला वजन येते. दोन गावांतील 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार असल्याचे त्यातून दिसले. अभ्यास वैद्यकाचा असला, तरी संकोचामुळे आजवर न बोलले गेलेले दुःख विश्वास मिळाल्यावर नोंदवता येते, हा त्याचा धडा मानसशास्त्रालाही लागू पडतो.

विश्वासाइतकाच भाषेचाही प्रश्न आहे. मराठी आर्यकुळातील, तर माडिया द्राविडी कुळातील भाषा आहे. म्हणून शहरी, मराठीभाषक विद्यार्थ्यांवर प्रमाणित केलेली, म्हणजे ज्यांचे गुणांकन त्या गटावर पारखून निश्चित केले आहे अशी, प्रश्नावली गडचिरोलीतील माडियाभाषक भामरागडात जशीच्या तशी वापरणे सदोष ठरते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते. अभ्यासाचा विषय मानली गेलेली माणसे स्वतःही अभ्यासक असतात, हे तेथे उघड दिसते. ज्या अहवालाच्या संदर्भसाधनांत या माणसांच्या स्वतःच्या बोलण्याला स्थान नाही, तो कितीही ग्रंथांच्या आधारे लिहिलेला असला, तरी त्याचा आढावा अपुराच राहतो.