ढालीवरचे सिंह

युरोपांतील सरदार बाराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आपल्या ढालींवर कुलचिन्हें रंगवूं लागले. ती निव्वळ हौस नव्हती. शिरस्त्राणानें चेहरा झांकल्यावर आपला कोण आणि परका कोण, हें चिन्हावरूनच ओळखावयाचें. तेथें चूक झाली तर प्राणांशीं गांठ. १४७१ सालीं बार्नेटच्या लढाईंत धुकें दाट होतें. ऑक्सफर्डच्या अर्लचा किरणांकित तारा वॉरिकच्या सैनिकांना शत्रूचा, म्हणजे चौथ्या एडवर्डचा, किरणयुक्त सूर्य भासला. त्यांनीं मित्रांवरच बाण सोडले, दग्याची ओरड उठली, आणि वॉरिक लढाई हरून प्राणांसहि मुकला, असें तत्कालीन बखरींत नमूद आहे.

यास्तव चिन्हाचें वर्णन असें नेमकें असावें लागे कीं, मूळ चित्र न पाहतां केवळ शब्दांवरून चिताऱ्यानें तें पुन्हां काढावें. हें काम 'हेरल्ड' नांवाच्या राजभाटांचें. त्यांची परिभाषा नॉर्मन फ्रेंच वळणाची असून तींत पशूच्या प्रत्येक पवित्र्याला निराळें नांव आहे. मागच्या पायांवर उठून पुढचे पंजे उगारणारा तो 'रॅम्पंट'. उंच, खालीं निमुळत्या ढालींत हाच पवित्रा उत्तम बसतो. तीन पाय भूमीवर आणि पुढचा उजवा पंजा उचललेला, तो 'पासंट'. चालणारा पशु आडवा लांब असल्यामुळें ढाल भरण्यास असे दोन-तीन एकाखालीं एक रचावे लागत. पाहणाऱ्याकडे तोंड वळविलें तर 'गार्डंट', मागें वळून पाहिलें तर 'रिगार्डंट'. मान ताठ ठेवून बसला तर 'कूशंट', मान टाकून निजला तर 'डॉर्मंट'. निजलेला सिंह ढालीवर मिरविण्याची इच्छा कोणास होत असेल, नकळे. पण शेपूट पायांत घातलेल्या सिंहासहि या शास्त्रांत नांव आहे, आणि त्याचा अर्थ 'भ्याड' असाच होतो!

पवित्र्यावरून पशूची जातहि बदले. जुन्या फ्रेंच भाटांच्या मतें खरा सिंह उभा ठाकलेला आणि एका बाजूस पाहणारा. चालतां चालतां तोंड आपल्याकडे वळवील तो बिबळ्या, मग अंगावर ठिपका एकहि नसो. पहिल्या रिचर्डच्या ११९८ च्या राजमुद्रेवरील तीन चालते पशु या न्यायानें बिबळे ठरले, आणि इंग्लंडांत दीर्घकाल त्यांस तसेंच म्हणत. तेराव्या शतकांत सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनें तिसऱ्या हेन्रीला त्या चिन्हास अनुसरून तीन जिवंत बिबळे नजर केले. त्याच पशूंना आज सारें जग इंग्लंडचे तीन सिंह म्हणतें.

स्कॉटलंडचा सिंह मात्र प्रथमपासून उभा. १२२२ सालच्या दुसऱ्या अलेक्झांडरच्या मुद्रेवर तो तसाच आहे. १६०३ सालीं स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला आणि दोन्ही राज्यांचे पशु एका ढालींत आले. ट्यूडर राजांचा तांबडा ड्रॅगन ढालीशेजारून निघाला. तेथें स्कॉटलंडचा एकशिंगी घोडा उभा राहिला. प्रश्न उरला अग्रमानाचा. ढाल धरणाराची उजवी, म्हणजे पाहणाऱ्याची डावी बाजू मानाची. तेथें चालते सिंह कीं उभा सिंह? कोणीहि माघार घेतली नाहीं. आजहि ढालीचीं दोन रूपें चालतात. इंग्लंडांत पहिलें व चौथें घर चालत्या सिंहांचें. स्कॉटलंडांत तींच घरें उभ्या सिंहाचीं, आणि एकशिंगी घोडाहि तेथें मानाच्या बाजूस.