नाणेघाटाचा रांजण आणि सुरतेची पावती

जुन्नरहून नाणेघाटाच्या माथ्यावर गेलात तर वाटेच्या कडेला दगडाचा मोठा रांजण दिसतो. कल्याण-सोपाऱ्याहून घाट चढून आलेला व्यापारी यात जकात टाकायचा, असं आपल्याकडे सांगतात. हे सांगणं परंपरेचं, बरं का. जवळच्या गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख वाचता येतो तेवढा यज्ञांचा आणि दक्षिणेचा आहे. पण रांजण खरा असो की गोष्ट, हद्द लागली की भरणा बदलतो हे आपल्या घाटांना जुनंच.

नारायणगावला एका पिकअपवाल्यानं मला विचारलं, "भाऊ, गाडी एमएच-१४, टोमॅटो घेऊन सुरतेला जातो. कायदा दिल्लीचा एकच ना? मग दंड तिकडं वेगळा, इकडं वेगळा, असं कसं?" एका फेरीत सुटतं किती, हे त्याला माहीत. म्हणून प्रश्न साधा नाही.

याचं मूळ १९१४ मध्ये आहे. इंग्रजांनी मोटारींचा कायदा देशासाठी केला, पण नियम करायचं काम प्रांतांवर सोडलं. १९३९ ला नवा कायदा आला, तरी प्रांतांचा हात राहिलाच. पुढे राज्यघटनेनं मोटारींचा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक सूचीत टाकला, गाड्यांवरचा कर मात्र राज्याकडे. (शेजारी गोव्यात वेगळीच गंमत. १९२८ ला पोर्तुगाल रस्त्याच्या उजव्या बाजूला गेलं, गोवा डावीकडेच राहिला. सीमेवर समोरासमोर धडकायचं कुणाला!)

आजचा कायदा १९८८ चा. त्यातलं कलम २०० नीट समजून घ्या, पिकअपवाल्याचं उत्तर तिथंच आहे. काही गुन्हे जागेवर पैसे भरून मिटवता येतात, आणि ती तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं. सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं दंड वाढवले, हेल्मेट नसेल तर १००० रुपये. दहाच दिवसांत गुजरातनं ते ५०० वर आणले. आपले तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी दिल्लीला फेरविचाराचं पत्र लिहिलं, आणि महाराष्ट्रात नवे दर लागले थेट डिसेंबर २०२१ मध्ये. गुजरातनं तर मध्येच शहरांत हेल्मेट ऐच्छिक केलं, हायवेवर सक्तीचं ठेवलं, आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतलं. दुचाकीवाल्यानं लक्षात ठेवायचं तरी काय?

तर गाडी कशी चालवायची, म्हणजे डावी बाजू, ओव्हरटेक, सिग्नल, हे २०१७ च्या केंद्रीय नियमांनी देशभर एकच आहे. किती भरायचं ते राज्य ठरवतं. आणि कुठल्या रस्त्यावर अवजड गाडीला किती वाजता बंदी, हे स्थानिक अधिसूचनेवर. सुरतेत शिरण्याआधी विचारायचं ते हे.

अजून एक. तडजोडीची सक्ती नाही. चलन मान्य नसेल तर कोर्टात जाता येतं. पण गुन्हा शाबित झाला तर तिथं राज्यानं उतरवलेला दर मिळेलच असं नाही, कोर्ट कलमातला आकडा बघतं. आणि तारखेला नारायणगावहून सुरतेला जायचं, तो दिवस बुडाला तो वेगळाच.

पुढच्या भागात माळशेजला भेटू.