6174 : वजाबाकीच्या एका खेळाची कुळकथा

आचोळे हे वसई तालुक्यातील एक जुने गाव. सांप्रत ते नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील वस्तीत इतके मिसळून गेले आहे की, त्याची स्वतंत्र ओळख मुख्यत्वे महसुली दप्तरात आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी उरली आहे. या रिक्षांच्या मागे एमएच 48 आणि मालिकेची अक्षरे यांच्यानंतर जो चार आकड्यांचा क्रमांक असतो, त्याचा एक अनपेक्षित उपयोग शिकवणीच्या वर्गाबाहेर ताटकळणाऱ्या मुलांनी काढलेला दृष्टीस पडतो: समोरून गेलेल्या रिक्षेचा क्रमांक घ्यायचा, त्यातील आकडे प्रथम उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून धाकटी संख्या वजा करायची, जी बाकी उरेल तिच्यावर पुन्हा तोच प्रयोग करायचा, आणि 6174 ही संख्या प्रथम कोण गाठतो ते पाहायचे. क्रमांक 2816 असेल तर 8621 मधून 1268 वजा जाऊन 7353 उरतात. 7533 मधून 3357 गेले की 4176, आणि 7641 मधून 1467 गेले की 6174. तीन वजाबाक्यांत डाव आटोपला. 3189 हा क्रमांक मात्र खोडसाळ आहे: तो 8442, 5994, 5355, 1998, 8082, 8532 अशी सहा ठाणी घेत सातव्या खेपेस 6174 ला पोहोचतो. सातांहून अधिक खेपा कोणत्याही क्रमांकास लागत नाहीत, आणि चारही आकडे एकच असले, तर पहिल्याच खेपेस शून्य पदरी पडते, ते सोडल्यास 6174 कोणास चुकतही नाही. बाकी तीन आकडी उरली तर डावीकडे शून्य मांडून चार घरे पुरी करावीत, एवढाच काय तो या खेळाचा कायदा.

हा खेळ ज्यांच्या नावावर आहे, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नालासोपाऱ्याच्याच रेल्वेमार्गावर उत्तरेस असलेल्या डहाणूस 17 जानेवारी 1905 रोजी जन्मले. डहाणू आणि वसई हे दोन्ही तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी दोन्ही पालघर जिल्ह्यात गेले. आचोळ्याच्या मुलांस हे नाव बहुधा ठाऊक नसते, आणि ते नसले म्हणून खेळाचे काही अडत नाही. परंतु खेळाचे कुळ पाहू म्हटले तर कापरेकरांच्याही मागे थोडे जावे लागते.

आपल्याकडे मुलांच्या तोंडी हिशेबाची तालीम पूर्वी खेळातून नव्हे, धाकातून होत असे. दिवेलागणीस देवापुढे हात जोडून शुभंकरोती झाले की परवचा सुरू होई, आणि त्यात पाढ्यांच्या मागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची पलटण येई. या घोकंपट्टीच्या नावाने आजची शिक्षणशास्त्रज्ञ मंडळी नाक मुरडतात. परंतु तिच्या पाठीशी सबंध बाजार उभा होता, हे ती विसरतात. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण अशी जेथे व्यवस्था, तेथे पावणेतीन आणे शेर दराचा जिन्नस साडेतीन शेर घ्यावयाचा झाल्यास गिऱ्हाइकास दुकानाच्या फळीपाशी उभ्या उभ्याच हिशेब करावा लागे: औट दुणे सात आणे, औटाचे पाऊण म्हणजे दोन आणे साडेसात पै, एकूण नऊ आणे साडेसात पै, आणि वाणी सरळ दहा आणे मागू लागला, तर साडेचार पैंचा तंटा करण्याचा हक्क ज्याची औटकी पक्की त्यालाच. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी चलनात आली, पाठोपाठ वजनेमापेही बदलली, आणि पावकीपासून औटकीपर्यंत सर्वांच्याच पायाखालची वाळू सरकली. ज्या विद्येची बाजारास गरज उरली नाही ती केवळ छडीच्या जोरावर तगत नाही, असे माझे मत आहे. ती जगवायची तर तिच्यात निखळ गंमत उत्पन्न करावी लागते, आणि ते काम डहाणूच्या या माणसाने नवे पैसे येण्याच्या आठ वर्षे आधीच करून ठेवले होते.

तत्पूर्वीच्या खेळांत गणित मुळीच नव्हते, असे मात्र नाही. मुठीत चिंचोके धरून एकी की बेकी विचारण्यात सम-विषमाचे ज्ञान होते. विटी जेथे पडली तेथपासून दांडूने अंतर मोजीत वकट, लेंड, मुंड, नाल म्हणत जाण्यात मोजणीची शिस्त होती. सारीपाटावर पडलेले दान दोन सोंगट्यांत कसे विभागावे याचा विचार करणारा खेळाडू मनातल्या मनात किती बेरजा करी, याची गणती नाही. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावे सांगितला जाणारा मोक्षपट, आणि त्याच जातीच्या भारतीय पटांवरून विलायतेत तयार होऊन सापशिडी या नावाने आपल्याकडे परत आलेला पट, यांच्यावरही बेरीज चालतेच. सत्त्याण्णवाच्या घरात बसलेल्या मुलास आता तीनच हवेत, हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु या सर्व खेळांत आकडे दानाचे ताबेदार आहेत: दैव जे देईल त्याची बेरीज करावयाची. दुसऱ्या अंगास भास्कराचार्यांची लीलावती आहे. 1150 च्या सुमाराच्या या ग्रंथात भुंगे, हंस आणि मोत्यांच्या तुटलेल्या हारांच्या मिषाने गणित इतके लाघवी झाले आहे की, त्यास पाठ्यपुस्तक म्हणवत नाही. तथापि लीलावतीतील प्रश्न हे कोडे आहे, आणि कोडे एकदा सुटले की त्यातील जीव जातो. खेळ पुन्हा पुन्हा मांडता आला पाहिजे. दानाची ताबेदारी नाही आणि एकदा सुटून संपणेही नाही, अशी जागा मोकळी होती, ती कापरेकरांनी भरली.

कापरेकरांचे वडील पेशाने कारकून आणि फलज्योतिषाचे नादी होते. कुंडली मांडण्यास गहन गणित लागत नाही, पण अंश, कला आणि विकला यांची बेरीज-वजाबाकी अखंड करावी लागते, आणि आठव्या वर्षी आई गेलेल्या या मुलास ती गोडी वडिलांपासूनच लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, 1927 साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, 1929 साली मुंबई विद्यापीठाची बी.एससी., आणि 1930 पासून 1962 साली सेवानिवृत्त होईपर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तरकी, एवढीच त्यांच्या आयुष्याची बाह्य हकीकत. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. 6174 चा गुणधर्म त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर केला आणि अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर लिहिले. तेथील एका टिपणाच्या मथळ्यातच त्यास एकट्याने खेळावयाचा खेळ असे म्हटले आहे, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

कारण खेळ म्हणूनच त्यांची उपेक्षाही झाली. विद्यापीठीय गणितज्ञांपैकी बऱ्याच जणांना हे उद्योग पोरखेळ वाटत. कापरेकरांस आपली पुस्तके पदरमोड करून देवळालीतूनच छापावी लागली, आणि निवृत्तिवेतन पुरेनासे झाले तेव्हा शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांविषयी लिहिले, तेव्हा कोठे हे नाव जगभर झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. ज्यांनी पोरखेळ म्हणून हिणवले त्यांचे वर्णन तंतोतंत खरे होते, फक्त त्यातील प्रशंसा त्यांच्या ध्यानी आली नाही. जो खेळ तिसरी-चौथीतील मूल वजाबाकीच्या भांडवलावर खेळू शकते आणि ज्याच्या उपपत्तीवर मोठमोठी माणसे लेख लिहितात, असे खेळ गणितात फारसे नाहीत.

ही उपपत्तीही पाहण्यासारखी आहे. 2816 चे आकडे उतरत्या क्रमाने 8, 6, 2, 1. बाहेरच्या दोहोंतील तफावत 7, आतील दोहोंतील 4. आता 999 ची सातपट 6993 आणि 90 ची चौपट 360 यांची बेरीज करा: 7353, म्हणजे वजाबाकी न करता तीच बाकी. प्रत्येक क्रमांकाच्या बाबतीत असेच होते. पहिल्या खेपेस मूळ संख्या विस्मृतीत जाते आणि उरतात फक्त या दोन तफावती. त्यांच्या जोड्या होतात अवघ्या 54. शून्यादी क्रमांक धरून जे 9990 क्रमांक खेळास पात्र आहेत ते सर्व एका वजाबाकीत 54 संख्यांच्या दावणीस येतात, आणि मग त्यांनी एकाच ठिकाणी पोहोचावे यातील अद्भुत जरा कमी होऊन त्याची जागा समाधान घेते. शिवाय 999 आणि 90 या दोहोंस नवाने निःशेष भाग जातो, त्यामुळे प्रत्येक बाकीतील आकड्यांची बेरीज नवाच्या पटीतच आली पाहिजे. 7353 चे अठरा, 4176 चे अठरा, 6174 चे अठरा. ज्याची बेरीज सतरा किंवा एकोणीस येईल त्याने हातचा घेण्यात घोटाळा केला, हे दप्तर तपासल्याविना कळते. आपले जुने कारकून हिशेब रुजू करताना नवाचा जो ताळा पाहत, तो हाच; आर्यभट दुसरा याच्या दहाव्या शतकातील महासिद्धान्तातही तो आहे. परीक्षकाची गरज खेळानेच संपवावी, ही सोय पावकी-निमकीतसुद्धा नव्हती. तेथे चुकले की पंतोजींच्या छडीनेच कळे.

लहान मुलांस चार आकडे जड जातात. त्यांच्यासाठी दोन आकड्यांचा खेळ पुरतो: 52 मधून 25 गेले 27, मग 45, मग 09, मग 81, मग 63, आणि पुन्हा 27, येथे मुक्काम नाही, नवाच्या पाढ्यातील पाच घरांचे रहाट आहे. तीन आकड्यांत मात्र 495 हे स्थिर ठिकाण आहे आणि ते फार तर सहा खेपांत गाठले जाते. मी तीन आकड्यांपासून आरंभ करण्याच्या मताचा आहे, कारण मधल्या घरात नेहमी नऊच येतो, हे मुलांचे मुलांनाच सापडते. नालासोपाऱ्याच्या जिन्यांवर अबॅकस आणि वैदिक गणित यांच्या पाट्या हल्ली पावलोपावली आहेत. त्यांच्याशी माझे वैर नाही, परंतु दोहोंचा ओढा वेगाकडे आहे, आणि वेगाच्या शर्यतीत मागे पडलेल्या मुलाची हौस प्रथम मरते.

बेरजेच्या बाजूने कापरेकरांनी जो खेळ दिला तो मला अधिक प्रिय आहे, जरी त्याचा बोलबाला कमी झाला. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा: 16 मध्ये एक आणि सहा मिळून सात घातले की 23, त्यात पाच घातले की 28, मग 38, 49, 62, 70, 77, 91, 101. मागची संख्या पुढचीची जनक. कित्येक संख्यांस दोन जनक असतात: 101 हा 91 पासूनही होतो आणि 100 पासूनही. अशा संख्येस कापरेकर जंक्शन म्हणत. 1 पासून निघालेली गाडी 91 वरून आणि 86 पासून निघालेली गाडी 100 वरून 101 ला येते, व तेथून पुढे दोहोंचा मार्ग एकच. दिव्याहून आलेला फाटा वसई रोडला मुख्य मार्गास मिळतो तसेच हे आहे, आणि मास्तरांस हे नाव सुचावे यात नवल नाही. डोंबिवली स्थानकाच्या त्या काळच्या नावावरून त्यांनी एका संख्यासमूहास डेम्लो संख्या म्हटलेच होते.

आणि ज्यांस जनकच नाही त्या संख्या स्वयंभू. मुलांस 1 ते 100 आकडे लिहून द्यावे, प्रत्येकातून काय जन्मते ते काढून जन्मलेले आकडे खोडावयास सांगावे. शेवटी तेरा उरतात: 1, 3, 5, 7, 9, 20, 31, 42, 53, 64, 75, 86, 97. विसापासून पुढे अकरा-अकराच्या अंतराने त्या येताना दिसतात, आणि मुले लगेच भाकीत करतात की पुढची 108 असेल. ते भाकीत खरे ठरते. जपमाळेचे मणीही 108 असल्याने घरातील आजीबाईंचा या खेळातील रस येथून पुढे एकदम वाढतो. त्यानंतर मात्र मुलांनी 119 लिहिले तर लिहू द्यावे आणि पडताळा त्यांनाच पाहू द्यावा: 109 मध्ये एक, शून्य आणि नऊ मिळविले की 119 होतात, आणि 108 नंतरची खरी स्वयंभू संख्या 110 निघते.